मुद्देमालाच्या खोलीपासून साक्षीच्या पिंजऱ्यापर्यंत : कोकणात डिजिटल पुराव्याचं प्रशिक्षण पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी

सहायक सरकारी वकील असताना माझ्या हातून एक खटला गेला, त्याची सल अजून आहे. एका मुलीला खोट्या इन्स्टाग्राम खात्यावरून महिनाभर छळलं होतं. मेसेज होते, फोटो होते, आरोपी कोण हे अख्ख्या वाडीला ठाऊक होतं. दोषारोपपत्राला मात्र जोडले होते अकरा स्क्रीनशॉटचे रंगीत प्रिंट. हवालदाराने ते मुलीच्या फोनवरून स्वतःच्या व्हॉट्सॲपवर घेतले, बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडे पाठवले आणि छापून आणले. मुलीचा फोन त्याच दिवशी परत दिला. वर्षभराने तिने तो एक्स्चेंजमध्ये देऊन नवा घेतला. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं प्रमाणपत्र नाही, मूळ फोन नाही, खातं कुणाचं हे कंपनीला कुणी विचारलेलंच नाही. आरोपी सुटला. हवालदार कामचुकार नव्हता, त्याला हे कुणी शिकवलंच नव्हतं. आणि दोषारोपपत्र तपासताना मीही विचारलं नव्हतं, की फोन कुठे आहे.

तेव्हापासून पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत पोलीस ठाण्यांत आणि वकील संघांत मी हे वर्ग घेतोय. आता तरुण वकील, कॉम्प्युटरचे प्राध्यापक, निवृत्त अधिकारी यांनाही असे वर्ग घ्यायला बोलावणं येतं. सुरुवात कुठून करायची, हे ते विचारतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी खुर्च्यांवर कोण बसणार ते ठरवा

पहिलं पत्र जिल्हा पोलीस अधीक्षकांना आणि दुसरं प्रमुख जिल्हा न्यायाधीशांना. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत गेलात तर सभागृहाचा प्रश्नही बहुतेक सुटतो. पत्रात ‘अधिकारी व कर्मचारी’ एवढंच लिहिलंत तर समोर सायबर शाखेचे दोन जण आणि नुकतेच बदलून आलेले एक उपनिरीक्षक बसलेले दिसतील. म्हणून पदं नावानिशी लिहा: प्रत्येक ठाण्याचा एक ठाणे अंमलदार, मुद्देमाल कारकून, कोर्ट पैरवी करणारा अंमलदार आणि दोन तपासी अंमलदार. माझं ठाम मत आहे की यातला मुद्देमाल कारकून सगळ्यांत महत्त्वाचा. फोन तपासी अंमलदाराकडे दोन दिवस असतो. कारकुनाकडे तो दोन-चार वर्षं पडून असतो.

सरकारी वकिलांना पोलिसांबरोबरच बसवा. न्यायालयाचं सत्र मात्र वेगळं ठेवा. न्यायाधीशांचं प्रशिक्षण उत्तनच्या महाराष्ट्र न्यायिक अकादमीत होतं, त्यात आपण ढवळाढवळ करायची नसते. तालुक्याच्या न्यायालयात आपलं काम नाझर, शिरस्तेदार, लघुलेखक आणि दोन्ही बाजूंचे वकील यांच्याबरोबर. बचाव पक्षाच्या वकिलांना आवर्जून बोलवा. त्यांनी उलटतपासणीत नेमके प्रश्न विचारले तरच पुढच्या वेळी पोलीस नीट पंचनामा करतील. आणि त्या जिल्ह्यात चालू असलेल्या खटल्याचं उदाहरण कधीही घेऊ नका. नाव बदलूनही नाही, कारण कोकणात नाव बदललं तरी गाव ओळखतं.

सगळ्यांना आठवडाभर आधी सायट्रेन पोर्टलवर नोंदणी करायला सांगा. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राचं हे ऑनलाइन शिक्षण आहे. पोलीस, अभियोक्ते आणि न्यायिक अधिकारी अशा सगळ्यांसाठी त्यात अभ्यासक्रम आहेत आणि प्रमाणपत्रही मिळतं. पुस्तकी भाग तिथे होऊन गेला की तुमचा दिवस हाताने करायच्या कामाला मोकळा राहतो.

तारखेचं म्हणाल तर गणपती, शिमगा आणि मे महिना सोडून द्या. एकतर बंदोबस्त असतो, नाहीतर सुट्टी. मला दिवाळीनंतरचा महिना सोयीचा वाटतो. सागरी ठाण्यांना १ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदीची मुदतही चालते, फक्त सभागृहाला जनरेटर आहे का ते आधी विचारा. सगळं साहित्य पेनड्राइव्हवर न्या. राजापूरच्या पुढे गेलात की रेंजच्या भरवशावर वर्ग घेता येत नाही.

ठाण्याच्या काउंटरपासून सुरुवात करा

कायद्याने सुरुवात केलीत तर पंधरा मिनिटांत डोळे मिटतात. प्रसंग उभा करा. एखाद्या हवालदाराला तारकर्लीचा होमस्टेवाला करा. त्याला फोन आला, ‘मी लष्करातला अधिकारी, आमच्या वीस जणांसाठी खोल्या हव्यात, आगाऊ रक्कम पाठवतो, क्यूआर स्कॅन करा.’ आता तो काउंटरवर येऊन म्हणतो, “सायबांनू, पैशे येतले असा सांगल्यान, म्हणान स्कॅन केलंय, नि चाळीस हजार गेले!”

समोर बसलेल्या ठाणे अंमलदाराने काय करायचं? बहुतेक जण आधी नाव, वय, धंदा लिहायला घेतात. काही जण ‘जिल्ह्याच्या सायबरला जा’ म्हणतात. मालवणहून ओरोसला जाईपर्यंत पैसे चार खात्यांतून फिरून एटीएममधून निघालेले असतात. म्हणून सवय अशी लावायची: आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग फिर्याद. होमस्टेवाल्याच्या फोनमधून व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ आणि समोरचा यूपीआय आयडी एवढं काढायचं आणि त्याच खुर्चीवरून १९३० ला किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवायचं. यूपीआयचा व्यवहार क्रमांक बारा आकडी असतो. त्यातला एक आकडा चुकला तर बँकेला काही सापडत नाही. म्हणून एकाने वाचायचा, दुसऱ्याने लिहायचा आणि पुन्हा मोठ्याने वाचून दाखवायचा. हा सराव प्रत्येकाकडून घड्याळ लावून करून घ्या. आमच्या वर्गात पहिल्या खेपेला अकरा मिनिटं लागतात, तिसऱ्या खेपेला चार.

‘आमच्या हद्दीत नाही’ हे वाक्य या वर्गात बंद करायचं. आरोपी झारखंडात असो वा राजस्थानात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यावीच लागते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, फक्त तीन दिवसांत सही करावी लागते.

इथेच कोकणातली एक खास अडचण सांगून टाका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ नुसार त्या कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी छोट्या ठाण्यांचे प्रभारी सहायक पोलीस निरीक्षक असतात. त्यांनी ६६-क (दुसऱ्याची ओळख चोरून वापरणं) किंवा ६६-ड (तोतयेगिरी करून ऑनलाइन फसवणूक) लावून तपास स्वतःच पुरा केला तर बचाव पक्षाला आयतं कोलीत मिळतं. तपास कोणत्या निरीक्षकाकडे वर्ग करायचा, हे गुन्हा दाखल होतानाच ठरलेलं असावं. आणि ६६-अ (आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराचं कलम) कुणी लावत असेल तर तिथेच थांबवा. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली श्रेया सिंघल प्रकरणात रद्द केलंय.

जप्ती

यावर निम्मा दिवस घालवा. पुरावा टिकतो किंवा मरतो तो इथेच.

फोन चालू सापडला तर चालू ठेवायचा, बंद सापडला तर बंदच ठेवायचा. चालू आणि उघडा असेल तर पडद्याचा फोटो काढायचा आणि विमान मोड लावायचा. वाय-फाय आणि ब्लूटूथ वेगळे बंद करायचे, कारण विमान मोडमध्येही ते कधी कधी चालू राहतात. हे केलं नाही तर आरोपीचा भाऊ मुंबईत बसून तो फोन पुसून टाकू शकतो. मग पॉवर बँक जोडायची. सिग्नल अडवणारी पिशवी नसेल तर ॲल्युमिनियम फॉइलचे तीन-चार थर चालतात, पण विमान मोड आधी लावायचा. नाहीतर फॉइलच्या आत फोन सिग्नल शोधत राहतो आणि बॅटरी संपवतो. ‘बघू तरी काय काय आहे’ म्हणत गॅलरीत बोट फिरवायचं नाही. त्या बोटाची वेळही फोनमध्ये नोंदली जाते आणि दोन वर्षांनी वकील विचारतो, जप्तीनंतर वीस मिनिटांनी फोन कुणी उघडला?

पंचनाम्यात ‘एक काळ्या रंगाचा मोबाईल’ लिहून भागत नाही. कंपनी, मॉडेल, रंग, तडा असेल तर कोणत्या कोपऱ्यात, सिम किती, मेमरी कार्ड आहे का, पडद्यावर वेळ काय दिसत होती आणि खरी वेळ काय होती. आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, पंधरा आकडी असतो, आणि दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात, दोन्ही लिहायचे. झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरण आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे बंधनकारक आहे. त्यासाठी ई-साक्ष्य ॲप आहे. ते वर्गातच प्रत्येकाच्या फोनवर उघडून घ्या, कारण रेंज नसताना काय करायचं हा प्रश्न वर्गात सुटलेला बरा, आंबोलीच्या घाटात नव्हे.

सीसीटीव्हीबद्दल दोनच गोष्टी, पण त्या पक्क्या. पहिली, चित्रण साठवणारा डीव्हीआर जुन्यावर नवं लिहीत जातो. डिस्क लहान असेल तर आठवड्याभरातच जुनं गेलेलं असतं. ‘सोमवारी जाऊ’ म्हणायचं नाही. दुसरी, त्याचं घड्याळ. आपल्याकडे जूनमध्ये दिवसातून चारदा वीज जाते, आणि आतला सेल मेलेला असला की डीव्हीआरचं घड्याळ दर वेळी मागे पडतं. मी एका दुकानात २०२२ साली गेलो तर पडदा सांगत होता १ जानेवारी २००० ची पहाट. फुटेज घेण्याआधी डीव्हीआरचा पडदा आणि शेजारी आपल्या फोनचं घड्याळ असा एकत्र फोटो काढायचा आणि फरक पंचनाम्यात लिहायचा. चित्रण त्याच्या प्लेअरसकट घ्यायचं, नाहीतर न्यायालयाच्या संगणकावर ते उघडत नाही.

सागरी ठाणी असतील तर बोटीवरची यंत्रंही घ्या. जीपीएस, मासे शोधायचं यंत्र, बोटीचा ठावठिकाणा कळवणारा ट्रान्सपॉन्डर हा सगळा डिजिटल पुरावाच आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर ‘कुबेर’ ट्रॉलरवर सापडलेला जीपीएस संच खटल्यात पुरावा म्हणून आला होता. समुद्राच्या पाण्याने भिजलेलं यंत्र चालू करून बघायचं नाही, तसंच प्रयोगशाळेकडे पाठवायचं.

हॅश : हा खेळ करूनच दाखवा

‘हॅश म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा’ असं सांगितलं की माना डोलतात, पण कुणाला पटलेलं नसतं. मी असं करतो. सभागृहाच्या खिडकीतून बाहेरच्या माडाचा एक फोटो काढतो. तो केबलने लॅपटॉपवर घेतो आणि त्याचा एसएचए-२५६ हॅश काढतो. विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयूटिल ही आज्ञा असतेच, काही विकत घ्यावं लागत नाही. चौसष्ट अक्षरांची ओळ येते. तिची शेवटची सहा अक्षरं फळ्यावर लिहितो. मग तोच फोटो पहिल्या रांगेतल्या अंमलदाराला व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवतो, तो लॅपटॉपवर घेतो आणि पुन्हा हॅश काढतो. अक्षरं सगळी वेगळी. फोटो डोळ्यांना तोच, माड तोच, झावळ्या त्याच. तिसऱ्यांदा तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवतो आणि हॅश पहिल्यासारखाच येतो.

तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणतंच, “म्हणजे सर, आम्ही इतके दिवस जे फॉरवर्ड करून घेत होतो…” तिथून वर्ग खरा सुरू होतो.

मग नियम सांगा. फाइल फोटो म्हणून फॉरवर्ड करून घ्यायची नाही. हॅश मूळ फाइलचा किंवा प्रयोगशाळेने काढलेल्या प्रतिमेचा (म्हणजे साठवणीच्या हुबेहूब प्रतीचा) घ्यायचा. चालू फोन सतत बदलत असतो, त्यामुळे आख्ख्या फोनचा हॅश दोन वेळा सारखा येणार नाही, याने घाबरायचं नाही. आणि पंचांना हॅश दाखवून त्यावर सही घ्यायची. पंच मच्छीमार असो की रिक्षावाला, ‘साहेबांनी पडद्यावर आकडे दाखवले, मी शेवटची सहा अक्षरं वाचून सही केली’ एवढं पिंजऱ्यात सांगता आलं तरी पुष्कळ.

कंपन्यांना पत्र : साडेपाच तासांचा सापळा

फळ्यावर लिहा: ३१ मे, १८:४५ यूटीसी. विचारा, आपल्याकडे तेव्हा किती वाजले होते? बरोबर उत्तर मध्यरात्र उलटून १ जूनचे सव्वाबारा. परदेशी कंपन्या लॉगइनचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक देतात, आणि वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत देतात, आपली वेळ साडेपाच तास पुढे. कुणी घाईत दूरसंचार कंपनीला ‘३१ मे, संध्याकाळी ६:४५’ असं पत्र पाठवलं तर त्या क्षणी तो आयपी पत्ता वापरणाऱ्या भलत्याच माणसाचं नाव येतं. दापोलीतल्या कुठल्याशा निरपराध शिक्षकाच्या दारात पोलिसांची गाडी उभी राहते. गावात ती गाडी एकदा उभी राहिली की पुढे काही खुलासा केला तरी उपयोग नसतो.

आणखी एक. मोबाईल इंटरनेटवर एकच आयपी पत्ता एकाच वेळी शेकडो ग्राहक वापरत असतात. त्यामुळे आयपीबरोबर पोर्ट क्रमांकही (त्या गर्दीतली एकेक जोडणी वेगळी ओळखणारा) मागायचा आणि कळवायचा. पत्राचा नमुना तयार करून द्या: आयपी, पोर्ट, तारीख, वेळ सेकंदासकट, आणि वेळ कुठली तेही. कागदपत्रं आणि इलेक्ट्रॉनिक माहिती मागवायचा अधिकार नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ मध्ये आहे. दूरसंचार कंपन्यांनी कॉलच्या नोंदी दोन वर्षं ठेवायच्या असतात. समाजमाध्यमांच्या बाबतीत २०२१ च्या नियमांत काढून टाकलेल्या मजकुराची आणि बंद झालेल्या खात्याची माहिती १८० दिवस जपायची आहे. म्हणजे सहा महिन्यांनी जाग आली तर हाती काही लागेलच असं नाही. माझ्या त्या खटल्यात पहिलं पत्र आठव्या महिन्यात लिहायचा विचार झाला, आणि तेही गेलं नाही.

प्रमाणपत्र

१ जुलै २०२४ पासून इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. जुन्या पुरावा कायद्यात ते ६५-ब होतं. त्या तारखेआधीपासून प्रलंबित असलेले खटले जुन्या कायद्यानेच चालतात, म्हणून दोन्ही नमुने हाताशी ठेवायला सांगा. नव्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. भाग ‘अ’ पुरावा देणाऱ्याने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने. दोन्हींत यंत्राचा तपशील, हॅश आणि तो कोणत्या पद्धतीने काढला ते लिहायचं. ‘ब’ वर सही कोण करणार, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत पोलीस अधीक्षक कार्यालयाला विचारा आणि उत्तर लेखी घ्या. प्रत्येक ठाण्याने आपापला तज्ज्ञ शोधायला सुरुवात केली की गोंधळ होतो.

निकालांपैकी एकच नीट शिकवा, आणि तो आपल्याच राज्यातला आहे: अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किसनराव गोरंट्याल, २०२०. जालन्याची निवडणूक. उमेदवारी अर्ज वेळेत आला की उशिरा, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओवरून ठरायचं होतं. व्हिडिओ मिळाला, पण अधिकारी प्रमाणपत्र देईनात. सर्वोच्च न्यायालयाने तीन गोष्टी स्पष्ट केल्या. प्रत दाखल करायची तर प्रमाणपत्र सक्तीचं आहे. मूळ यंत्रच न्यायालयात आणून मालकाने पिंजऱ्यात उभं राहून सिद्ध केलं तर त्याची गरज नाही. आणि संबंधित माणूस प्रमाणपत्र देत नसेल तर न्यायालयाकडे अर्ज करून मागवता येतं. ही दुसरी गोष्ट मला बारा वर्षांपूर्वी कुणी समजावली असती तर त्या मुलीचा फोन मी वेळीच परत मागवला असता.

भूमिका वाटून लुटुपुटीचा खटला चालवा. झेरॉक्सवाला, हवालदार, पंच, तज्ज्ञ. उलटतपासणी खऱ्या वकिलाकडून करून घ्या, आणि त्याला नरमाईने घेऊ नको म्हणून सांगा.

न्यायालयाच्या आवारात

फायलीला टाचणीने लावलेला पेनड्राइव्ह मी स्वतः पाहिलाय. त्याला गंज चढला होता. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, हवेत मीठ असतं. मुद्देमालाच्या खोलीत हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, पुड्या दर पावसाळ्याआधी बदला. डीव्हीआर आणि हार्ड डिस्क तळमजल्यावर ठेवू नका. चिपळूणला २२ जुलै २०२१ चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना कारण सांगावं लागत नाही. लाखेचं सील गरम असताना पेनड्राइव्हच्या पाकिटावर थेट लावायचं नाही.

नाझर आणि शिरस्तेदारांना सांगायचं ते असं: मूळ प्रत कुणाच्याही संगणकात लावायची नाही, पाहायला वेगळी प्रत. वस्तू हातातून हातात जाताना प्रत्येक वेळी नोंद, तारीख, वेळ, सही. इलेक्ट्रॉनिक यंत्राच्या ताब्याचा हा क्रम आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ प्रमाणे दोषारोपपत्रातही द्यावा लागतो, म्हणून पोलिसांची आणि न्यायालयाची वही जुळली पाहिजे. पीडितेची खासगी चित्रफीत असेल तर आरोपीला प्रत देण्याआधी थांबायचं. केरळच्या पी. गोपालकृष्णन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली आरोपीला ती न्यायालयात पाहू दिली, प्रत दिली नाही. लघुलेखकालाही हे माहीत असायला हवं, कारण प्रती काढायचं काम बऱ्याचदा त्याच्या टेबलावर येतं.

होमस्टेवाल्याचे गोठवलेले पैसे परत मिळवायला त्याच संहितेच्या कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्याचा एक पानी मराठी नमुना ठाण्यात टांगून ठेवा. चाळीस हजारांसाठी वकील करायची ऐपत सगळ्यांची नसते.

परत जा

तीन महिन्यांनी न सांगता एका ठाण्यात जा. व्याख्यान देऊ नका. मुद्देमाल कारकुनाला शेवटचा जप्त फोन दाखवायला सांगा आणि चार गोष्टी बघा: डब्यात आहे का, आयएमईआय दोन्ही लिहिलेत का, पंचांच्या सहीशेजारी हॅश आहे का, आणि वहीत शेवटची सही कुणाची आहे. कारकून बदलून गेला असेल तर नव्या माणसाला तिथेच टेबलाशी बसवा आणि खिडकीतल्या माडाचा फोटो काढा.